विणलेली सही

बालुचरी साडीच्या पदरावर माणसं राहतात. पैठणीच्या पदरावर मोर, पोपट, कमळं आणि वेली असतात. बालुचरीच्या पदरावर मधोमध मोठ्या कोयऱ्यांची एक रांग असते, बंगालीत त्यांना ‘कल्का’ म्हणतात, आणि त्या रांगेभोवती लहान लहान चौकटी. प्रत्येक चौकटीत कुणीतरी बसलेलं. हुक्का ओढणारा नवाब. हातात फूल धरलेली बीबी. टोपीवाला साहेब. घोडेस्वार. क्वचित एखाद्या पदरावर चक्क आगगाडी: इंजिन, डबे, डब्यांना खिडक्या आणि खिडक्यांत उतारू. किंवा चाकाची आगबोट. यात जर कुठेच नाही. जांभळ्या, गडद लाल किंवा निळसर रेशमी जमिनीवर फिक्या रंगांच्या रेशमानेच ही सगळी मंडळी उमटवलेली असतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या काही मोजक्या साड्यांवर या मंडळींच्या शेजारी बंगाली अक्षरंही विणलेली आहेत. ते विणकराचं नाव आहे. दुबराज दास.

चित्राच्या कोपऱ्यात सही दिसली तर आपण तिकडे लक्षही देत नाही, ती असायचीच. वस्त्रावर सही दिसली की मात्र थबकायला होतं. पैठणीच्या बाबतीत पेशवाईतल्या पत्रव्यवहारातून रंगांच्या, पोताच्या, काठांच्या मागण्या वाचायला मिळतात. कोणाला डाळिंबी हवं, कोणाला केशरी. पण ती विणली कोणी, त्याचं नाव माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. माग कुणाचा, हात कुणाचे, हे कुणी विचारलं नाही आणि विणकरानेही सांगितलं नाही. दुबराजने सांगितलं. मी बंगालीतून मराठीत अनुवाद करते. मुखपृष्ठावर अनुवादकाचं नाव असावं की नसावं यावर आमच्या व्यवसायात होणाऱ्या कटकटी माहीत असल्यामुळे असेल, पण या सहीने माझं कुतूहल चाळवलं आणि तिच्यामागून जाता जाता मी अशा इतिहासात येऊन पोचले की ज्यात मराठी माणसांचीही हजेरी आहे, आणि ती काही फार अभिमानाची नाही.

आधी गाव. ‘बालु’ म्हणजे वाळू आणि ‘चर’ म्हणजे नदीने पात्रात आणून टाकलेली, वर आलेली जमीन. बालुचर म्हणजे मुर्शिदाबादच्या उत्तरेला भागीरथीच्या पूर्व काठावरचं आजचं जियागंज. तरुण वाचकांसाठी आणखी एक खूण: गायक अरिजित सिंग याच गावचा. समोरच्या काठावर अजीमगंज. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मुर्शिद कुली खानाने बंगालच्या सुभ्याचा कारभार ढाक्याहून इथे हलवला आणि त्याच्याच नावावरून शहराला मुर्शिदाबाद म्हणू लागले. दरबार आला, पाठोपाठ सावकार आले, राजस्थानातून जैन व्यापाऱ्यांची घराणी आली, जवळच्या कासिमबाजारला इंग्रज, डच आणि फ्रेंचांच्या वखारी होत्याच. रेशमाचे किडे याच मुलखात पोसले जात. म्हणजे धागा इथलाच, गिऱ्हाईक इथलंच आणि परदेशी जाणारी नदीही दारातली. बालुचरी साडी या तिन्हींच्या संगमावर जन्मली. मात्र ती एकट्या बालुचरमध्ये विणली जात नसे. आसपासच्या खेड्यांत माग होते आणि बालुचर ही बाजारपेठ होती. आपल्याकडे येवल्यात विणलेल्या साडीला पैठणचं नाव चालतं, तसंच काहीसं.

बालुचरपासून थोड्याच अंतरावर महिमापूर आहे. तिथे जगत शेठांची हवेली होती. मे १७४२ मध्ये नवाब अलिवर्दी खान राजधानीबाहेर असताना मीर हबीब नावाच्या फितुराने वाट दाखवली, नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार मुर्शिदाबादच्या वेशीत घुसले आणि जगत शेठांची हवेली लुटून गेले. मोहिमेचे सरदार होते रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर. बंगाली बखरींतले भास्कर पंडित. त्याच वर्षी त्यांनी काटव्याजवळ दुर्गापूजा मांडली आणि ऐन पूजेत अलिवर्दीने त्यांच्यावर छापा घातला. १७४४ साली वाटाघाटीच्या मिषाने बोलावून मानकरा इथे त्यांना ठार करण्यात आलं. स्वाऱ्या थांबल्या त्या १७५१ च्या तहाने: ओरिसावरचा अंमल आणि सालीना बारा लाखांची चौथाई.

या दहा वर्षांना बंगालमध्ये ‘बर्गीर हांगामा’ म्हणतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार. मराठीत हा शब्द जवळपास विस्मरणात गेला आहे. बंगालीत तो अंगाईगीतात बसला आहे आणि कोलकात्यातल्या प्रत्येक मुलाला बोलता येण्याआधी तो ऐकू येतो. बाळ झोपलं, आळी शांत झाली, आणि मुलखात बर्गी आले, असा त्या गाण्याचा आशय. इथे राहायला आल्यावर पहिल्यांदा कुणी ओळख करून देताना मला हसत हसत ‘बर्गी’ म्हणालं, तेव्हा मला तो शब्द शोधावा लागला होता. आता मीच आधी म्हणून टाकते.

गंगाराम नावाच्या कवीने या स्वाऱ्यांवर ‘महाराष्ट्र पुराण’ नावाचं बंगाली काव्य लिहिलं. त्याचं हस्तलिखित १७५१ चं. म्हणजे धूळ खाली बसायच्या आत लिहिलेलं. त्यात गाव सोडून पळणाऱ्यांची एक लांबलचक यादी येते, आणि ती धंद्याप्रमाणे येते: कोण पोथ्या काखोटीला मारून, कोण तराजू घेऊन, कोण चाक घेऊन. माणूस पळताना हत्यार बरोबर घेतो. मला प्रश्न पडतो तो मागवाल्याचा. सोनाराचा तराजू पिशवीत मावतो. खड्ड्यात रोवलेला, छताला बांधलेला, ताणा भरलेला माग काखोटीला कसा मारणार? विणकर पळाला तर मागावरची अर्धी साडी तिथेच राहते. आणि पळून जाऊन नव्या ठिकाणी माग उभा करायचा तर रेशीम लागतं. कंपनीचा नोकर होलवेल याने नोंदवलं आहे की मराठ्यांनी आपल्या घोड्यांना आणि गुरांना तुतीची शेतं चारली आणि रेशमाच्या धंद्याचं भरून न येणारं नुकसान केलं. होलवेलच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. कोलकात्याच्या काळकोठडीची कथा रंगवून सांगणारा हाच तो गृहस्थ. पण भुकेल्या घोड्याला तुती आणि गवत यांत फरक कळत नाही एवढं तर आपल्यालाही माहीत आहे. शिवाय त्या वर्षांत कापड मिळेना, विणकर गाव सोडून गेले, भाव चढले, अशा तक्रारी कंपनीच्या कागदांत जागोजागी आहेत.

मराठीत या काळाबद्दल लिहिताना आपण चटकन चौथाईच्या हक्काकडे वळतो, नाहीतर अलिवर्दीच्या दगाबाजीकडे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण तुतीच्या शेताला त्याचं काय?

तरीही बालुचरी मेली नाही. उलट आज ज्या साड्या संग्रहांत आहेत त्या सगळ्या साधारण या धामधुमीनंतरच्याच. ‘तापी’ या आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खाजगी संग्रहातल्या बालुचरींवर २०१४ साली ‘साहिब, बीबी, नवाब’ नावाचं सुंदर पुस्तक निघालं. त्याच्या उपशीर्षकातच काळ दिला आहे, १७५० ते १९००. बर्गी गेले, प्लासी झाली, १७७० चा भीषण दुष्काळ येऊन गेला, आणि माग चालू राहिले. घोडेस्वारांच्या धाडीतून धंदा वाचतो, कारण धाड येते आणि जाते. धोरण जात नाही. १७ मार्च १७६९ रोजी कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी बंगालला एक पत्र धाडलं: कच्च्या रेशमाच्या उत्पादनाला उत्तेजन द्या, रेशमी कापड विणण्याला आळा घाला, आणि रेशीम उकलणाऱ्यांना घरी काम करू न देता कंपनीच्या वखारीत कामाला लावा. पुढे पार्लमेंटच्या समितीने हे पत्र चव्हाट्यावर आणलं आणि रमेशचंद्र दत्तांच्या आर्थिक इतिहासामुळे ते हिंदुस्थानात ठाऊक झालं. रेशीम इथलं, कापड तिथलं, असा हा बेत. त्यातूनही बालुचरी शंभर वर्षं तगली, कारण तिचं गिऱ्हाईक लंडनमध्ये नव्हतं. ते मुर्शिदाबादच्या आणि कोलकात्याच्या जमीनदार घरांच्या अंतःपुरात होतं.

आता दुबराजकडे येते.

बालुचरीचा जुना माग म्हणजे ‘नक्शा’ माग. पैठणीचा मोर विणकर ओळीओळीने, वेगवेगळ्या रंगांच्या तिल्ल्या हाताने फिरवून भरतो. नक्षी त्याच्या बोटांत आणि डोक्यात असते. नक्शा मागावर नक्षी विणायच्या आधीच दोऱ्यांत साठवलेली असते. आधी दोऱ्यांची एक लहान जाळी बांधायची, त्या जाळीत प्रत्येक आडव्या ओळीसाठी कोणते उभे धागे उचलायचे ते दोऱ्या गुंतवून पक्कं करायचं, आणि मग ही जाळी मागाच्या वर ताण्याला जोडायची. खाली विणकर बसतो, दुसरा माणूस, बहुतेकदा एखादा पोरगा, क्रमाने दोऱ्या ओढत जातो. एक दोरी ओढली की ठरलेले शे-दोनशे धागे वर उठतात, धोटा जातो, फणी ठोकली जाते, पुढची दोरी. नवाबाचं नाक अशा किती दोऱ्यांनी तयार होतं याचा हिशोब जाळी बांधणाऱ्याकडे. बांधणीत एक दोरी चुकली की साडीतल्या प्रत्येक नवाबाचं नाक चुकणार.

म्हणजे यात दोन वेगळ्या विद्या आहेत. एकदा जाळी बांधून झाली की विणायला चांगला विणकर पुरतो. जाळी बांधायला मात्र चित्र दिसावं लागतं आणि ते धाग्यांच्या संख्येत मोडता यावं लागतं. पंचवीस माग विणकरांचे असले तरी त्यांच्यामागे नक्शा बांधणारा एखादाच असे. दुबराज हा तसा माणूस होता आणि तशांतला शेवटचा मोठा. १९०३ साली नित्यगोपाल मुखर्जी यांचा बंगालच्या रेशमी कापडावरचा सरकारी प्रबंध कोलकात्यात छापला गेला, त्यात दुबराजच्या कामगिरीची दखल आहे. पण ती दखल मावळत्या विद्येच्या नोंदीसारखी आहे. दुबराज गेला तोही याच सुमारास. त्याच्यानंतर नवा नक्शा बांधणारं तिथे म्हणण्यासारखं कुणी राहिलं नाही. जुन्या जाळ्या झिजेपर्यंत माग चालले असतील, तेवढेच.

आता ती सही पुन्हा पाहा. चित्रकार चित्र पुरं झाल्यावर, दोन पावलं मागे सरून, समाधान वाटलं तर सही करतो. नक्शा मागावर ते शक्य नाही. साडीचा एक आडवा धागा पडण्यापूर्वी, चित्र कसं उतरेल हे दिसण्यापूर्वी, नाव जाळीत गुंतवावं लागतं, नवाबाच्या आणि कोयरीच्या हिशोबात आपल्या अक्षरांचाही हिशोब धरावा लागतो. अक्षरं तर कोयरीपेक्षा अवघड, कारण कोयरी चार धागे जाड झाली तरी कोयरीच राहते, अक्षर वाचता यायला हवं. ‘हे माझं’ असं आधीच ठरवून केलेलं हे काम आहे. आणि गिऱ्हाइकाने ते चालवून घेतलं, एवढंच नव्हे तर त्याला त्याचं मोल वाटलं असणार. जमीनदारीणबाईंच्या पदरावर एका विणकराचं नाव! त्या काळच्या बंगालमध्ये बाईंचं स्वतःचं नाव कुठे लिहिलेलं सापडणं कठीण.

दुबराजच्या पिढीच्या पदरांवर काय आहे याकडे मला पुन्हा पुन्हा लक्ष वेधावंसं वाटतं. नलहाटीहून अजीमगंजपर्यंतचा रेल्वेचा फाटा १८६३ साली सुरू झाला. अजीमगंज म्हणजे बालुचरचा समोरचा काठ. इंजिनाची शिट्टी नदीपलीकडून ऐकू येत असणार. आगबोटी नदीतून जात होत्या. साहेब कासिमबाजारला, बहरामपूरला होते. म्हणजे पदरावरची आगगाडी ही काही कल्पनेची भरारी नाही. खिडकीतून दिसलं ते विणलं. नवाबाचा हुक्का आणि साहेबाची खुर्ची एकाच पदरावर शेजारी शेजारी बसली, कारण त्या गावात ती तशीच शेजारी शेजारी होती. आज आपण ज्याला वारसा म्हणतो ते त्या विणकरांच्या दृष्टीने ताजं वर्तमान होतं. त्यात थोडी थट्टाही असावी असा मला संशय आहे. काही पदरांवरचे साहेब इतके ताठ बसलेले असतात की विणणारा हसला नसेल यावर विश्वास बसत नाही.

दुबराज गेला त्याच सुमारास, १९०४ साली, कोलकात्यात एका मराठी माणसाने बंगालीत एक पुस्तक लिहिलं. सखाराम गणेश देऊस्कर. कोकणातून देवघरकडे स्थायिक झालेल्या घराण्यातला, १८६९ चा जन्म, ‘हितवादी’ पत्रात काम करणारा. पुस्तकाचं नाव ‘देशेर कथा’. दादाभाई, डिग्बी, दत्त यांनी इंग्रजीत मांडलेली आकडेवारी त्यांनी सोप्या बंगालीत आणली: या देशातल्या कारागिरांचं आणि शेतकऱ्यांचं नेमकं काय झालं. वंगभंगाच्या चळवळीत ते घरोघर वाचलं गेलं आणि १९१० साली सरकारने त्याच्यावर बंदी घातली. देऊस्करांनीच कोलकात्यात शिवाजी उत्सव सुरू केला. त्यांच्या ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता दिली. दीडशे वर्षं ज्या मुलखात मराठा म्हणजे बर्गी होता तिथे मराठा म्हणजे शिवाजी असं नवं नातं जुळवण्याचा तो खटाटोप होता, आणि काही वर्षं तो यशस्वीही झाला. अंगाईगीत मात्र तसंच राहिलं.

माझ्या दृष्टीने देऊस्करांची मोठी गोष्ट उत्सव नव्हे, हे पुस्तक. ज्यांच्या पूर्वजांच्या नावाने बंगालचे विणकर पळाले होते त्यांच्यातल्याच एकाने विणकरांची बाजू त्यांच्याच भाषेत मांडली. फक्त एक गोष्ट खरी की स्वदेशीला बालुचरीचा उपयोग नव्हता. चळवळीला हवं होतं जाडंभरडं, सगळ्यांना परवडेल असं कापड. हुक्केवाल्या नवाबाची रेशमी साडी कुणी होळीतून वाचवायला जाणार नव्हतं, तिची कोणी होळीही केली नाही. ती पेटीत राहिली.

पेटीतून ती काढली शुभो ठाकूर यांनी. जोडासांकोच्या ठाकूर घराण्यातले हे शुभोगेंद्रनाथ, जन्म १९१२ चा, १९४३ साली स्थापन झालेल्या ‘कॅलकटा ग्रुप’ या चित्रकारांच्या मंडळातले एक. कवी, संग्राहक, ‘सुंदरम्’ या कलाविषयक बंगाली मासिकाचे संपादक, आणि एकंदरीत विक्षिप्त माणूस. स्वातंत्र्यानंतर हस्तकलेच्या पुनरुज्जीवनासाठी सरकारने कोलकात्यात प्रादेशिक डिझाइन केंद्र काढलं, त्याचे ते संचालक झाले. बालुचरी पुन्हा विणायची असं त्यांनी मनावर घेतलं. पण जियागंजला आता विणणारं कोण होतं? त्यांनी बांकुडा जिल्ह्यातल्या विष्णुपूरहून अक्षयकुमार दास या रेशीम विणकराला बोलावलं. जुन्या साड्या समोर ठेवल्या आणि जेकार्डचं तंत्र शिकवलं. नक्शाच्या दोऱ्यांचं काम जेकार्डमध्ये भोकं पाडलेले पुठ्ठे करतात. एक पुठ्ठा म्हणजे एक आडवी ओळ, भोक असेल तिथला धागा उठतो. दोऱ्या ओढणाऱ्या पोराची गरज उरली नाही. अक्षयकुमार विष्णुपूरला परतले आणि तिथल्या सिल्क खादी सेवा मंडळाच्या हनुमानदास सारडा यांच्या पाठबळावर मागावर चिकटून बसले. यश यायला वेळ लागला, पण आलं. आज बालुचरी म्हटली की विष्णुपूर असंच समीकरण आहे. जियागंजचं नाव फक्त साडीच्या नावात उरलं.

विष्णुपूर हे मल्ल राजांचं गाव, पक्क्या मातीच्या फरशांनी मढवलेल्या सतराव्या-अठराव्या शतकांतल्या देवळांसाठी प्रसिद्ध. आणि इथेही आपण आहोतच. १७४२ मध्ये भास्कररामांचे स्वार विष्णुपूरच्या कोटाशी आले तेव्हा राजा गोपालसिंहाने लढण्याऐवजी नामसंकीर्तनाचा हुकूम सोडला, आणि कुलदैवत मदनमोहनाने स्वतः दलमादल तोफ डागून बर्गींना पळवून लावलं, अशी गावाची श्रद्धा आहे. तोफ अजून तिथे आहे. बाजूच्या फलकापाशी मराठी पर्यटक हमखास फोटो काढतात. मदनमोहन मात्र तिथे नाही. पुढे कर्जात बुडालेल्या राजा चैतन्यसिंहाने मूर्ती कोलकात्याच्या गोकुळ मित्राकडे गहाण टाकली आणि ती सुटली नाही. बागबाजारच्या मित्रांच्या मदनमोहनाच्या देवळात ती राहिली, अशी इकडची कथा.

त्याच बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. १७४२ साली बर्गींच्या भीतीने कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. सात मैलांचा बेत, सहा महिन्यांत तीनेक मैल खणून झाला, मराठे काही आले नाहीत आणि काम थांबलं. पुढे खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. मराठ्यांना पळवून लावणारा देव आणि मराठ्यांसाठी खणलेल्या खंदकाची गल्ली एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. माझ्याकडे पाहुणे आले की मी त्यांना व्हिक्टोरिया मेमोरियलआधी इथे नेते. पुष्कळांची निराशा होते, कारण बघायला काहीच नाही. पाटी आहे.

पण मला बोलायचं आहे ते विष्णुपूरच्या पदराबद्दल. तो आज कोणत्याही मोठ्या दुकानात उलगडून दाखवतात. कोयऱ्या आहेत, चौकटी आहेत, पण चौकटींतली माणसं बदलली आहेत. नवाब, साहेब, आगगाडी क्वचितच दिसतात. त्यांच्या जागी कृष्णार्जुनाचा रथ, शकुंतला आणि हरीण, राम-सीतेचं लग्न, देवळाच्या भिंतीवरचे नर्तक. विष्णुपूरच्या विणकराने आपल्या गावच्या देवळांकडे पाहिलं यात काही गैर नाही. दुबराजने नदीपलीकडे पाहिलं, यांनी देवळाच्या भिंतीकडे. पण पुनरुज्जीवन करणाऱ्यांनी, दुकानदारांनी आणि आपण गिऱ्हाइकांनीही या साडीला ‘वारसा’ हे नाव दिलं आणि त्या नावाबरोबर एक न बोललेली अट घातली, की तिच्यावर जे असेल ते जुनं असावं. दुबराजच्या मागावर आगगाडी चढली तेव्हा ती नवी होती. विष्णुपूरच्या पदरावर टोटो रिक्षा चढली, मोबाइल हातात धरलेली बीबी चढली, तर किती जणी ती साडी मुलीच्या लग्नात नेसतील? मी स्वतः नेसेन असं छातीठोकपणे सांगवत नाही, पण विकत घेऊन ठेवीन नक्की.

शुभो ठाकूरांना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांच्याशिवाय विष्णुपूरमध्ये आज एकही बालुचरी नसती, त्यावर पोट भरणारी घरं नसती. मागचं टिकवायचं तर कुठेतरी त्याची नक्कल करावीच लागते, आणि अक्षयकुमारांनी जुनी साडी समोर ठेवून जे केलं ते आम्ही अनुवादक रोज करतो. तरी जुन्या साडीतून दोन गोष्टी उचलता येण्यासारख्या होत्या: नक्षी आणि नजर. नक्षी आली. विणकराने आपल्या दारातून जे दिसतं ते विणावं, हे मागे राहिलं. आणि नजरेबरोबर सहीही राहिली. विष्णुपूरच्या कसबी विणकरांना बक्षिसं मिळतात, प्रमाणपत्रं मिळतात, सरकारी मेळ्यांत त्यांची नावं फलकावर लागतात. साडीवर नाव नसतं. गरियाहाटच्या एका दुकानात मी बालुचरी बघताना विचारलं होतं, “दादा, ही कुणी विणली?” दुकानदार भला माणूस. त्याने साडी उलटी करून मागचे धागे दाखवले, हातमागाची चिठ्ठी दाखवली, रेशमाची खात्री दिली आणि म्हणाला, “दीदी, बिष्णुपुर.” मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, “बिष्णुपुर, दीदी. ओरिजिनल.”

दुबराजला नाव घालण्यासाठी दोऱ्या गुंतवाव्या लागल्या. आता नक्षी बऱ्याच ठिकाणी संगणकावर काढतात आणि तिच्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात. पदराच्या ज्या ओळींत रथाची चाकं विणली जातात त्याच ओळींत नावाची अक्षरं बसली तर एक पुठ्ठाही जास्त लागणार नाही, भोकं तेवढी जास्त पाडावी लागतील. एक अडचण आहे. जेकार्डवर नक्षी जितक्या वेळा फिरते तितक्या वेळा तिच्यातली अक्षरंही फिरतात. नाव एकाच कोपऱ्यात न राहता पदरभर रांगेने येईल. येऊ दे की.